मे महिन्यात ईथर ठेवायचं कुठे? घरगुती फ्रिजबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या मॅडम लिहितात: एप्रिल-मेमध्ये आमच्या प्रयोगशाळेत ४२-४३ अंश तापमान असतं. डायएथिल ईथरची बाटली कपाटात ठेवली तर आठवड्यात दोन बोटं पातळी उतरते. म्हणून ईथर, पेट्रोलियम ईथर (खनिज तेलातला हलका, उडून जाणारा भाग) आणि थोडं अ‍ॅसिटोन आम्ही डिपार्टमेंटच्या १६५ लिटरच्या साध्या फ्रिजमध्ये ठेवतो. तपासणीला आलेल्यांनी 'स्फोटरोधक फ्रिज घ्या' असा शेरा मारला. कोटेशन मागवलं, तर प्राचार्यांनी हात जोडले. हा फ्रिज खरंच इतका धोक्याचा आहे का, आणि पैसे नसतील तर करायचं काय?

मॅडम, आधी तुमची बाजू घेतो. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ते टेबलावर ठेवलेलं उकळतं पाणीच समजा. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगून कळत नाही. ४४ अंशांना बंद बाटलीच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १.४ पट होतो, आणि झाकण कितीही आवळलं तरी वाफ आटे शोधत बाहेर येते. तेव्हा ईथर थंड ठेवावंसं वाटलं यात तुमची चूक नाही. निवडलेली पेटी चुकीची आहे. त्यातली बाटली आज संध्याकाळीच बाहेर काढा. काढताना काय सांभाळायचं ते पुढे सांगतो, कारण काढण्यातही एक खोच आहे.

बहुतेकांची समजूत अशी की फ्रिजमध्ये ४ अंश असतात, म्हणजे वाफच होत नाही. द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून तयार होऊ लागते, त्याला आपण फ्लॅश पॉइंट म्हणतो. ईथरचा तो उणे ४५ आहे. हेक्झेनचा उणे २२ च्या आसपास, अ‍ॅसिटोनचा उणे २० च्या आसपास, एथिल अ‍ॅसिटेटचा उणे ४. शुद्ध अल्कोहोलचा मात्र अधिक १३. म्हणजे ४ अंशांच्या फ्रिजमध्ये अल्कोहोल थोडंफार गप्प बसेल, ईथरला मात्र तिथेही वाफ व्हायला भरपूर ऊब आहे. डीप फ्रीजरच्या उणे २० लासुद्धा ईथर पेटण्याजोगी वाफ देतंच.

आता जो भाग मी दर वर्षी नव्या पोरांना फळ्यावर करून दाखवतो तो सांगतो. ईथरची वाफ हवेत १.९ टक्क्यांपासून सुमारे ३६ टक्क्यांपर्यंत पेटते. त्याहून पातळ असेल तर पेटत नाही, त्याहून दाट असेल तर ऑक्सिजन पुरत नाही. चाळीशीपार खोलीत बंद बाटलीच्या मोकळ्या भागात जवळजवळ निव्वळ वाफच असते, दाट, वरच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. तीच बाटली ४ अंशांवर नेली की वाफेचा दाब उतरतो आणि बाटलीच्या तोंडाशी साधारण २८-३० टक्के वाफ उरते. म्हणजे थंड करून आपण तिला नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात आणून बसवली. हे ऐकून वर्गात नेहमी शांतता होते.

दुसरा हिशेब तुमच्याच फ्रिजचा. १६५ लिटरच्या १.९ टक्के म्हणजे सुमारे ३ लिटर वाफ. तेवढ्या वाफेला द्रव ईथर किती लागतं? साधारण १५ मिली. चहाचे तीन चमचे. चुकून लवंडलेली परीक्षानळी किंवा नीट न बसलेलं झाकण, एवढं पुरतं. आणि ही वाफ हवेच्या अडीच पटीहून जड, त्यामुळे ती सगळ्या फ्रिजभर सारखी पसरत बसत नाही. खाली, भाजीच्या ट्रेजवळ साचते. तिथे मर्यादा गाठायला १५ मिलीसुद्धा लागत नाहीत.

ठिणगी कुठून येते? दारातलं बल्बचं बटण, बल्ब आणि थर्मोस्टॅट. तुम्हाला वेळ असेल तर भंगारातल्या एखाद्या जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट मेकॅनिककडून मागून घ्या आणि डबी उघडून बघा. मी एक टेबलाच्या खणात ठेवलाय. आत दोन चपटे संपर्कबिंदू असतात, शर्टाच्या बटणाहून लहान. माझ्याकडच्या दोन्हींवर काजळी धरलीय आणि मधोमध सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत. प्रत्येक खड्डा म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद होताना उडालेल्या ठिणग्यांचा हिशेब. ही डबी फ्रिजच्या आत असते, तुमच्या बाटलीपासून हातभर अंतरावर, आणि दिवसातून कित्येक वेळा टक् करते. ईथरची वाफ पेटवायला मिलिज्यूलच्या पाचव्या भागाएवढी ऊर्जा पुरते. हिवाळ्यात नायलॉनचा स्वेटर काढताना जो चटका बसतो, तो याच्या कित्येक पट असतो.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीला खाली एक बारीक भोक असतं. बर्फ वितळून झालेलं पाणी त्यातून मागच्या थाळीत जातं, आणि ती थाळी बसवलेली असते कॉम्प्रेसरच्या डोक्यावर. कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटून त्याचा स्टार्टिंग रिले, म्हणजे तो सुरू करणारं आपोआप चालणारं बटण. जड वाफेला याहून सरळ वाट कोणी आखून दिली नसती. म्हणून 'बल्ब काढून टाकला, आता झालं' हे पटत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर त्यात आणखी पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर. त्या हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि ईथरची वाफ १६०-१८० अंशांच्या तापल्या पृष्ठभागावर ठिणगीशिवायच पेटते. कार्बन डायसल्फाइड तर १०० अंशांच्या आसपास. तो कुणी वापरत असेल तर त्याच्याजवळ तापलेला बल्बसुद्धा नको.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती चांगली शंका आहे. हल्लीच्या फ्रिजमध्ये थंड करणारा गॅसच आयसोब्युटेन असतो, तो स्वतः ज्वलनशील. मग कंपन्यांनी आतले भाग ठिणगी न उडणारेच बनवले असतील ना? काही अंशी खरं आहे. एलईडी दिवा आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, जुना थर्मोस्टॅट काही मॉडेलमधून गेला. पण ती रचना त्याच फ्रिजमधल्या मोजक्या ग्रॅम गॅसच्या गळतीसाठी तपासलेली असते. आयसोब्युटेन आपोआप पेटतो सुमारे ४६० अंशांना, आणि हीटर किती तापू द्यायचा हे त्याच्यावरून ठरतं. ईथरला तो हीटर चालेल असं कोणत्याही कंपनीने लिहून दिलेलं नसतं. माहितीपत्रकात उलट असंच छापलेलं असतं की आत ज्वलनशील पदार्थ ठेवू नका. ते बारीक टायपातलं पान आपण खोक्याबरोबर रद्दीत देतो.

आता खानदेशाची खास गोष्ट: लाइट जाणं. उन्हाळ्यात भारनियमन असो, नाहीतर वादळी पावसाने तारा पडलेल्या असोत, फ्रिज चार-पाच तास बंद राहतो. आतलं तापमान चढत जातं, बाटली श्वास सोडल्यासारखी वाफ बाहेर टाकते आणि बंद दारामागे ती साचत राहते. थर्मोस्टॅटचे बिंदू तोवर जोडले गेलेले असतात, वीज आली की कॉम्प्रेसर लगेच सुरू. म्हणजे वाफ सगळ्यात जास्त असते त्याच क्षणाला झटका. वर व्होल्टेज खालीवर होतं म्हणून आपण स्टॅबिलायझर लावतो, तो बहुधा फ्रिजमागे जमिनीवरच ठेवलेला. त्याचा तो टक्-टक् आवाज रिलेचा असतो, आणि रिले म्हणजे पुन्हा ठिणगी, तीही जमिनीलगत, जिथे जड वाफ लोळत येते.

एक प्रसंग माझ्याच डोळ्यांसमोरचा. कॉलेजचं नाव सांगत नाही. सुट्टीआधी एम.एस्सी.च्या पोरांनी कॉलममधून वेगळे करून काढलेले द्रवाचे हिस्से (फ्रॅक्शन्स) शंक्वाकृती फ्लास्कमध्ये भरून, तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले होते. ईथर आणि पेट्रोलियम ईथरचं मिश्रण. सोमवारी सकाळी शिपाईदादा मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सर, फ्रिजमा इथरना वास यी राहिना." त्यांचा एक हात तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराला होता, आत जाऊन फ्रिज उघडून बघायच्या बेतात. पहाटेपासून वीज नव्हती. मी त्यांना थांबवलं, व्हरांड्यातल्या बोर्डावरून प्रयोगशाळेचा एमसीबी खाली पाडला, बाहेरच्या बाजूने खिडक्या ढकलल्या आणि आम्ही दोघं समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. वीसेक मिनिटांत व्हरांड्यातले पंखे फिरायला लागले. वीज आली होती. एमसीबी वर असता तर त्याच क्षणी फ्रिजही सुरू झाला असता. दादांनी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खिशातली तंबाखूची पुडी काढून परत ठेवून दिली.

तासाभराने दार उघडलं. एका फ्लास्कमध्ये तळाशी नुसतं पिवळं कडं राहिलं होतं. फॉइलला टाचणीएवढं छिद्र. ज्या पोराचा फ्लास्क होता त्याला त्याचं उत्पादन वाया गेल्याचं जास्त वाईट वाटलं. वय तसंच असतं.

त्यावरून काढतानाची खोच. वास येत असेल तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, कारण बल्बचं बटण दारातच आहे. प्लगही ओढायचा नाही आणि शेजारचं बटणही बंद करायचं नाही, कारण दोन्हीकडे ठिणगी. वीज खोलीबाहेरून, मुख्य बोर्डावरून तोडायची. खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर, मोबाइल बाहेर, कूलर आणि एक्झॉस्ट फॅनला हात लावायचा नाही. तासभर थांबून मग दार उघडायचं आणि परत थोडा वेळ बाहेर. तुमच्याकडे आज वास नसला तरी बाटली काढताना हाच क्रम ठेवा. तास-दीड तास जास्त जाईल.

बाहेर काढलेल्या थंड बाटलीची एक वेगळी काळजी. ईथर तापलं की फुगतं, आणि भरपूर फुगतं. ४ अंशांवर गळ्यापर्यंत भरलेली ५०० मिलीची बाटली ४४ अंशांच्या खोलीत आली तर आतला द्रव तीसेक मिलीने वाढतो. जागा नसेल तर बाटली तडकते किंवा झाकण उडतं. म्हणून वरचा दहावा हिस्सा नेहमी रिकामा हवा.

आता खरा प्रश्न, पैशांचा. आधी एक गैरसमज काढू. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि विक्रेते तिन्हींना सरसकट 'लॅब फ्रिज' म्हणतात. पहिला म्हणजे औषधांचा (२ ते ८ अंशांचा) किंवा रक्तपेढीचा (२ ते ६ अंशांचा), काचेच्या दाराचा. तो तापमान नीट राखतो, पण आत पंखा आणि दिवा असतो, म्हणून ईथरसाठी घरगुतीइतकाच नालायक. फार्मसी कॉलेजांत हाच घोळ सगळ्यात जास्त बघितलाय. दुसरा, ज्वलनशील पदार्थांसाठी बनवलेला: आतल्या पेटीत विजेचा एकही भाग नाही, थर्मोस्टॅट आणि सगळी जोडणी बाहेर आणि वरच्या बाजूला. तिसरा पूर्ण स्फोटरोधक, ज्याचा बाहेरचा कॉम्प्रेसर आणि वायरिंगसुद्धा बंदिस्त असतं, आणि जो प्लगला न लावता थेट पाइपातून आणलेल्या वायरने जोडतात. हा तिसरा लागतो जिथे खोलीतच वाफ भरलेली असू शकते, म्हणजे सॉल्व्हंट (ईथर, पेट्रोलियम ईथरसारखे विद्रावक द्रव) पंपिंगची खोली, ड्रम रिकामे करायची जागा. तुमच्या कॉलेजला दुसरा पुरतो. तपासणीवाल्यांनी 'स्फोटरोधक' हा शब्द ढोबळपणे वापरला असेल. कोटेशन तिसऱ्याचं आलं असेल तर प्राचार्यांनी हात जोडणं साहजिक आहे. दुसऱ्याचं मागवा. घरगुतीपेक्षा तोही कित्येक पट महाग आहे, पण फरक पडेल. घेताना 'आत दिवा नाही' एवढ्यावर जाऊ नका, ज्वलनशील द्रव साठवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र कंपनीकडून लेखी घ्या.

गावातला मेकॅनिक म्हणेल, 'मी थर्मोस्टॅट बाहेर काढून देतो, बल्ब तोडतो, हजार-दोन हजारांत काम.' पूर्वी हे चालायचं. मीही एका एकदारी फ्रिजवर हा उद्योग केलाय. आता करत नाही आणि करा असं सांगत नाही. पाण्याचं भोक राहतंच, वायर जिथून काढली ती फट कुणी नीट बुजवत नाही, आणि तीन वर्षांनी फ्रिज दुरुस्तीला गेला की दुसरा मेकॅनिक प्रामाणिकपणे बल्ब परत बसवून देतो. फ्रॉस्ट-फ्रीवर तर हा विचारसुद्धा नको.

फ्रिज घेण्याआधी मात्र मी तुम्हाला विचारीन की बाटली थंड ठेवायची गरजच किती आहे. माझ्या अनुभवात खानदेशातल्या कॉलेजांमध्ये खरोखर थंड लागणारे द्रव बोटांवर मोजण्याइतके: ईथर, पेंटेन, अ‍ॅसिटाल्डिहाइड (हे तर २० अंशांनाच उकळतं), प्रॉपिलीन ऑक्साइड. अ‍ॅसिटोन ५६ ला उकळतं, एथिल अ‍ॅसिटेट ७७ ला, हेक्झेन ६९ ला. यांना फ्रिजमध्ये घालायचं काहीच कारण नाही. सावलीतली, हवा खेळती असलेली, कुलूपबंद लोखंडी कपाटाची जागा पुरते. तुमच्या यादीतलं अ‍ॅसिटोन म्हणून आधी खोडा.

पेट्रोलियम ईथरचं काय? ते ४०-६० आणि ६०-८० अशा उकळण्याच्या टप्प्यांत मिळतं. शेंगदाणा, सरकी किंवा वनस्पतीच्या चुऱ्यातली चरबी सॉक्सलेटने (सॉल्व्हंट पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) काढायची तर पद्धतीत ज्याची सक्ती नसेल तिथे ६०-८० घ्या. ४०-६० चं मे महिन्यात आपल्याकडे बाटलीतच ऊर्ध्वपातन सुरू होतं. ईथरने नुसतं निष्कर्षण करायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर) चालतं. ते ५५ ला उकळतं आणि पेरॉक्साइडही (हवेशी संयोग होऊन बनणारे स्फोटक पदार्थ) सहजासहजी करत नाही. ज्वलनशील तेही आहेच, पण चाळीशीच्या खोलीत उकळत तरी नाही.

उरलं खरोखरचं ईथर. त्याचे प्रयोग जुलै ते फेब्रुवारीत उरका. वेळापत्रक आपल्याच हातात असतं, आणि विद्यापीठाच्या परीक्षेला ईथरच लागेल असं दरवेळी होत नाही. अडीच लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. ५०० मिलीच्या दोन घ्या, एक फोडा, दुसरी सीलबंद. प्रयोगाच्या दिवशी लागेल तेवढंच धुराड्याखाली, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, बर्फाच्या भांड्यात थंड करा. थर्माकोलची पेटी आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेला बर्फ: यात ना थर्मोस्टॅट, ना बल्ब. बाटली उघडण्याआधी पंधरा मिनिटं बर्फात उभी करा आणि झाकण हळूहळू सैल करा, म्हणजे फुस्स होऊन अंगावर येत नाही.

आणि एक देशी युक्ती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी काढलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष शेतीवाल्यांना माहीत असेल: विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळूवर पाणी. आपला मे महिना कोरडा, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि आत गारवा येतो, माठाचंच तत्त्व. मी याचं धाकटं भावंड रसायनांच्या भांडारात केलंय. सिमेंटच्या घमेल्यात ओली वाळू, तिच्यात झाकणबंद पत्र्याचा डबा, डब्यात ईथरची बाटली. बाहेर ४२ असताना डब्यात थर्मामीटर २७-२८ दाखवायचा. ईथर उकळण्याच्या खाली राहायला तेवढं भरपूर. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, लेबल ओलं होऊ नये म्हणून बाटलीला प्लॅस्टिकची पिशवी. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही नसते. हे अर्ध्या-एक लिटरसाठी. पाच-दहा लिटर ठेवायला नाही.

भांडाराची खोली कोणती यावर बरंच अवलंबून. पत्र्याच्या शेडमध्ये सॉल्व्हंट ठेवलेले पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. दुपारी आत उभं राहवत नाही. तळमजल्यावरची, उत्तरेची, जाड भिंतीची खोली निवडा, आणि हवा जाण्याची जाळी जमिनीलगत हवी, कारण वाफ खाली बसते. छताजवळचा एक्झॉस्ट तिच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी, वर त्याची मोटर साधी असते. दाराजवळ बाहेरच्या बाजूला ड्राय पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. ईथरच्या आगीवर पाणी ओतलं तर ईथर पाण्यावर तरंगत पसरतं आणि आग बरोबर घेऊन जातं. आपल्याकडे केळी पिकवण्याच्या खोल्या आणि कोल्ड स्टोरेज पुष्कळ, त्यामुळे एकदा एका संस्थाचालकांनी विचारलं, 'सॉल्व्हंट तिथे ठेवले तर?' तिथे पिकवायला इथिलीन वापरतात ते १०० पीपीएमच्या घरात, म्हणजे ०.०१ टक्के, पेटायला त्याचे २.७ टक्के लागतात. ती खोली तेवढ्यासाठी आखलेली असते. तिथली हवा बहुतेक वेळ बंद खोलीतच फिरत राहते. ईथरची बाटली तिथे फुटली तर सगळी वाफ आतच.

अर्थिंगबद्दल दोन ओळी, कारण हे कुणी बघत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावाला उरतं. मार्चपासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी, आणि वायरमनकडून वर्षातून एकदा मोजणी. धातूच्या कॅनमधून सॉल्व्हंट ओतताना स्थिर विजेची ठिणगी उडू नये म्हणून कॅन आणि भांडं तारेने जोडून अर्थ करायचं, त्याला हे अर्थिंग लागतंच.

थंड ठेवलेल्या ईथरची आणखी एक चोरवाट म्हणजे पेरॉक्साइड. फ्रिजमध्ये ठेवलं की ते होत नाही असं पुष्कळांना वाटतं. थंडीने वेग थोडा कमी होईल, थांबत नाही. उघडलेल्या बाटलीत हवा असते, आणि विसरण्यासाठी फ्रिजचा मागचा कप्पा ही उत्तम जागा. बाटली उघडली त्या दिवशीच तारीख लिहा. तीन-तीन महिन्यांनी तपासा: १ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड, त्यात १ मिली ईथर. फिकट पिवळं झालं तर पेरॉक्साइड होऊ लागलंय, तपकिरी झालं तर बरंच आहे. अशा ईथरचं ऊर्ध्वपातन करायचं नाही. झाकणाच्या कडेला किंवा तळाशी स्फटिक दिसले तर तपासत बसू नका, बाटलीला हातच लावू नका. झाकण फिरवण्याच्या घर्षणाने ते फुटू शकतात.

योग्य फ्रिज आला तरी तो कपाटासारखा भरायचा नाही. स्क्रूचं, टेफ्लॉन अस्तराचं झाकण. बूच, कापूस, फॉइल बंद. बाटल्या काठ असलेल्या ट्रेमध्ये, म्हणजे एखादी फुटली तर सगळं तिथेच राहील. नायट्रिक आम्ल, पेरॉक्साइड, ब्रोमीन शेजारी नकोत. दारावर आतल्या बाटल्यांची यादी, मालकाच्या नावासकट. आणि कैरीचं पन्हं, आमरसाचा डबा, वाढदिवसाचा केक: नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात हे पाळून घेणं सॉल्व्हंटपेक्षा अवघड जातं, अनुभवाने सांगतो.

प्राचार्यांना समजावताना 'सुरक्षितता' हा शब्द कमी वापरा, त्यावर सगळेच मान डोलावतात आणि फाइल पुढे सरकत नाही. त्यांना तीन चमचे ईथर आणि १६५ लिटरचा हिशेब कागदावर करून दाखवा. जमलं तर जळका थर्मोस्टॅट टेबलावर ठेवा.

तुमचा जुना फ्रिज फेकू नका. बफर, अगार प्लेट, एन्झाइम, सिरम यांना तो छान आहे. फक्त दारावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा: 'ईथर, अ‍ॅसिटोन, पेट्रोलियम ईथर, स्पिरिट आत ठेवू नये.' इंग्रजी स्टिकर आमच्याकडे चार वर्षं होतं. मराठी पाटी लावली त्या दिवशी शिपाईदादांनी ती वाचली, फ्रिज उघडला, मागच्या कप्प्यातून एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मंग ही?" बाटलीवर लेबल नव्हतं.